चार वाजताचा पहारा

फोनवरच्या बाईंनी तीन-तीनदा बजावलं होतं की घर आवरू नका. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्यांना मदत देणारं एक केंद्र होतं, तिथल्या त्या बाई. पाहणीला येणाऱ्यांना घर आहे तसं दिसू द्या, वाईटातला वाईट दिवस सांगा, तरच आठवड्यातून दोन दुपारी मामंजींजवळ बसायला कुणी पाठवता येईल, म्हणाल्या. सूनबाईने हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच फडकं हातात घेतलं. आता काय म्हणावं हिला! पण बारा वर्षं फौजी वसाहतीत काढलेली बाई ती. सासरा फौजेच्या कोठारावर हवालदार होता, नवरा आजही कुठल्याशा बर्फातल्या ठाण्यावर. पाहणी म्हटली की त्या घरात चादरीला सुरकुती राहत नाही.

दोन दिवस ती घासत-पुसत होती. ओली गादी गच्चीवर टाकीमागे लपवली. मामंजींची दाढी केली, त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. शेवटी पेचकस घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी काढली. चार भोकं उरली, त्यांच्यावर कॅलेंडर टांगलं.

पाहणीच्या ताई तिच्याच वयाच्या होत्या, आवाजाने मऊ. मामंजींची आठवण केव्हाच गेलेली; त्यांनी ताईंना साहेब ठरवून टाकलं आणि काही विचारलं की एकच उत्तर द्यायचे, सगळं ठीक आहे साहेब. रात्री उठतात का, तर सूनबाई म्हणाली, एखाद्या वेळी. एकटं सोडून जावं लागतं का, तर म्हणाली, छे, कधीच नाही. जीभ जराही अडखळली नाही. ताईंनी सगळं लिहून घेतलं आणि कौतुकाने म्हणाल्या, तुम्ही छानच सांभाळता. पण तुमच्याहून अडलेली घरं आहेत, तेव्हा तुमचं नाव यादीत खाली जाईल. सूनबाई हसली. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर चहा घेता का म्हणून विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं ते त्या कॅलेंडरमुळे. मामंजी एकदा घरातून निघून गेले आणि थेट पुलावर सापडले, तेव्हापासून चार वाजता बाजारात जाताना ती बाहेरून कडी लावायची. आधी ते दार बडवायचे. मग तिनेच शक्कल काढली. मामंजी, साहेबांचा हुकूम आहे, कोठारावर पहारा द्यायचाय, असं सांगितलं, आणि म्हातारा ताठ झाला. तेव्हापासून चार वाजले की आपणहून खोलीत जायचे. भोळ्या माणसाला फसवलं, दुसरं काय.

तेवढ्यावरही भागलं नाही. मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी भाजी दहा मिनिटांत घेऊन झाली आणि ती बागेतल्या बाकावर जाऊन बसली. काही काम नाही, कुणाची वाट नाही, नुसती बसली, दोन तास. घरी येऊन कडी काढली तर मामंजी ओल्या पायजम्यात दाराशी उभे. पहारेकरी जागा सोडत नाही. ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

घड्याळात चार वाजले. ताई कागद आवरत होत्या. मामंजी उठले, खोलीच्या दाराशी गेले, कॅलेंडर बाजूला सारून भोकं चाचपू लागले.

"सूनबाई, कडी कुठे गेली? बाहेरून लाव. पहाऱ्याची वेळ झाली."

ताईंचा हात थांबला. सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजी ताईंकडे वळले आणि तक्रार सांगताना काढतात तसा हळू आवाज काढून म्हणाले,

"साहेब, एक अर्ज आहे. पहारा दोन तासांनी बदलतो, पण इथे कुणी येतच नाही. माझं राहू द्या. हिच्या जागी तरी कुणी पाठवा. ही रात्रभर उभी असते."

एवढं सगळं विसरलेल्या माणसाला हे मात्र आठवत होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "कडी मी लावते, ताई. मीच लावते." मग गुरुवार सांगितला, बाक सांगितला, ओला पायजमा सांगितला. नुसती बसले होते, हे तिने दोनदा सांगितलं.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला.

"पहिल्यापासून सांगा. रात्री किती वेळा उठतात?"

"चार," सूनबाई म्हणाली. नजर पुसून लख्ख केलेल्या फरशीवरच होती. मामंजी कडी नसलेल्या दाराशी ताठ उभे होते, आणि तिला वर मान करून त्यांच्याकडे बघवेना.