हलायचं न्हाई

"कौसल्या, हा मणी त्या डब्यात टाक बरं. या हातानं."

नीलाताईंनी बोराएवढा लाकडी मणी पोरीच्या पुढ्यात ठेवला आणि तिचा डावा हात हलकेच आपल्या हातात धरून ठेवला, म्हणजे कामाला उजवाच यावा. कौशीनं मण्याकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं. उजवा हात ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडला होता, तो तिनं तसाच पडू दिला.

शाब्बास, असं भुजंग मनातल्या मनात म्हणाला.

हा भुजंग, कुंभार पिंपळगाव या गावचा गिरणीवाला. गावची अर्धी चूल त्याच्या पिठावर. आज दोनदा आंघोळ करून आला होता, तरी कानामागं पीठ राहिलंच होतं. शेजारी बायको केशरबाई, मांडीवर पिशवी. पिशवीत भाकरी, पोरीचा दुसरा फ्रॉक आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं तालुक्याच्या शिबिराचं अपंगाचं सर्टिफिकेट. कौशी सात वर्षांची. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही, आणि तेव्हापासून तिचं उजवं अंग आखडलेलं. पाय ओढत का होईना चालायची, बोलायला तर चुरूचुरू. हाताचंच मोठं कोडं होतं.

दोन वर्षांपूर्वी औरंगाबादच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, "याला गोळी नाही न सुई नाही. हाताला काम शिकवणारं माणूस शोधा, तुमच्या जवळपासचं. इथं रोज येणं जमायचं नाही." आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, व्यवसायोपचार तज्ज्ञ. ती चिठ्ठी गावभर फिरली. ग्रामसेवक म्हणाला, धंद्याच्या कर्जाचं असंल, बँकेत दाखव. बँकेतला म्हणाला, दवाखान्यात दाखव. दवाखान्यातली नर्स म्हणाली, असं कुणी आपल्या जिल्ह्यात असंल असं वाटत न्हाई. एका पैलवानानं तेल लावून हात असा पिळला, की पोर दोन दिवस जेवली नाही. चिठ्ठीच्या घड्या फाटल्या तरी भुजंगनं ती खिशातून काढली नाही.

आणि माणूस निघालं कुठं? तर जुन्या जालन्यात. गिरणीचा पट्टा तुटला की भुजंग जिथून आणायचा, त्या बद्रीनाथशेठच्या दुकानापासून तिसऱ्या गल्लीत. मागच्या महिन्यात कौशी बरोबर होती, तिचा हात बघून शेठ म्हणाला, "अरे भुजंग, ते नरहर वकील हैत ना, त्यांची सून हेच काम करती. बाहेरून शिकून आली. वरच्या मजल्यावर पोरं येतात." वीस वर्षं पट्टे नेतोय आणि हे आज कळतंय! त्यानं तिथंच दुकानाच्या पायरीवर डोकं धरलं होतं.

ही सून, म्हणजे नीलाताई, एका वेळी सहाच पोरं घ्यायच्या. एक जागा रिकामी झाली होती. म्हणून आज गिरणीला कुलूप.

जिना चढताना भुजंगनं पोरीला कडेवर घेतली आणि कानात सांगितलं, "तालुक्यावानी बसायचं. हलायचं न्हाई बिलकुल." कौशीनं मान हलवली. शहाणी पोर.

आता नीलाताईंनी मणी बाजूला केला. बिस्किटाचा पुडा फोडला आणि एक बिस्कीट पोरीच्या उजव्या बाजूला धरलं. पोरीनं आवंढा गिळला. बिस्किटाकडं बघितलं, बापाकडं बघितलं. हात हलला नाही. मग नीलाताईंनी तिची मूठ आपल्या तळहातावर घेऊन एकेक बोट उलगडलं, कोपर वाकवलं, सरळ केलं. भुजंग गिऱ्हाईकाचं पीठ चिमटीत धरून भरड का बारीक ते सांगायचा, तशाच या बाई त्याच्या पोरीचा हात बोटांनी वाचत होत्या. आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हात सैल आहे. इतका आखडलेला नाही. पण पोरगी तो वापरतच नाही. स्वतःहून काहीच नाही. घरी कधी करते काही?"

केशरबाई पुढं सरकली. "करती की ताई, गिरणीत तर पिशवीचं तोंड..."

"गप," भुजंग म्हणाला.

"कामून गप?"

"मोठी माणसं बोलून राह्यलीत ना. गप."

नीलाताईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग वही ओढली आणि शांतपणे बोलायला लागल्या. त्यांचं शांतपणे बोलणंच भुजंगला भारी पडलं.

"भाऊ, खरं सांगते. माझ्याकडं आठवड्यातून एकदा यायचं, बाकी घरी करून घ्यायचं, असं काम चालतं. हात थोडा तरी स्वतःहून उठत असेल, तर त्याला पुढं नेता येतं. असा हात असेल तर मोठ्या ठिकाणी न्यायला पाहिजे, औरंगाबादला. रोज. निदान सहा महिने तिथंच राहून."

"रोज?"

"रोज. मी चिठ्ठी देते."

पुन्हा चिठ्ठी. औरंगाबादला सहा महिने राहायचं तर गिरणी बंद, आणि गिरणी बंद तर राहायचं कशावर? आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून तोंड उघडतंय थोडंच! पिशवीत ते सर्टिफिकेट होतं. त्यावर आकडा होता ऐंशी टक्के. पोरगी हात हलवते म्हणून या बाईनं कुठं लिहिलं आणि ते तालुक्याला पोचलं, तर? कागद जाईल, यष्टीचा पास जाईल, वर खोटं बोलला म्हणून धरतील.

नीलाताईंनी चिठ्ठीवर तारीख घातली. पोरीचं नाव लिहिलं.

"ताई, थांबा."

पेन थांबलं.

"तिचा हात हलतो." भुजंगचा आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "म्या सांगितलं तिला, हलवू नको म्हणून."

खाली गल्लीत रिक्षावाला हॉर्न देत होता.

"तालुक्याला शिबिर होतं मागल्या वर्षी. आमच्या गावचा रामकिसन घेऊन गेल्ता. त्यो म्हणाला, पोरीनं हात हलवला की टक्के कटते, चाळीसच्या खाली गेलं की कागदच भेटत न्हाई. सगळेच तसं करतेत. मंग म्या बी..." तो थांबला. "आज बी तसंच वाटलं. तुमी बी लिहिणारच म्हणलं."

"अरे देवा," नीलाताई म्हणाल्या. "भाऊ, मी टक्केवाली नाही हो! माझ्याकडं उलटं असतं."

केशरबाईचा पदर तोंडाला लागला होता. तो काढून ती म्हणाली, "दोन वर्सं त्या चिठ्ठीला देवावानी खिशात घेऊन फिरला आन् आता देव सापडला तर त्याच्यापुढं लबाडी? मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गावात सांगितलं असतं."

"बरं झालं असतं!"

"नंतर भांडा," नीलाताई म्हणाल्या. आता त्या घाईनं बोलत होत्या. "आधी पोरीला सांगा."

भुजंग पोरीपुढं उकिडवा बसला. "कौशे, हलव बरं हात. आता हलवला तरी चालतंय."

कौशीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हात हलला नाही.

"अगं खरंच. घे ते बिस्कीट. घे ना माय."

पोरीनं ओठ घट्ट मिटले. उजव्या हाताची मूठ आणखी आवळली गेली आणि खांदा कानाकडं चढला. घरी कुत्रं अंगावर आलं की व्हायची तशी.

"घाबरली का ती?" नीलाताईंनी विचारलं. "तिकडं शिबिरात काय झालं होतं, भाऊ? नीट सांगा."

हे मात्र भुजंगनं कुणालाच सांगितलं नव्हतं. रामकिसनलासुद्धा नाही. तो फरशीकडं बघत बोलला. "तिथला डॉक्टर चांगला होता. त्यो म्हणाला, बाळा हलव हात, शाब्बास. पोरगी इसरली. उचलाया लागली. तिच्या हातावर शाल होती. म्या शालीखालून..."

"काय?"

"चिमटा घेतला. जोरात. आन् वरून म्हणलं, हलव ना माय, हलव."

केशरबाईनं पोर ओढून आपल्याजवळ घेतली.

नीलाताईंनी पेनाला टोपण घातलं. "म्हणजे तुम्ही हलव म्हणालात की तिला वाटतं, हलवायचं नाही."

भुजंगनं मान हलवली.

"तुम्ही बाहेर जाऊन बसा, भाऊ."

"म्या काय बोलणार न्हाई ताई. कोपऱ्यात बसतो."

"नाही. बाहेर."

तो उठला. दाराशी जाऊन पोरीला काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं, पण सांगायचं काय? जे सांगेल त्याचं उलटंच पोचणार. तो तसाच बाहेर आला.

जिन्यापाशी बाकावर वडीगोद्रीची उषाबाई बसली होती, नातवाला घेऊन. ती ओळख नसताना बोलणारी बाई. "पैल्यांदा आलाव का? भ्यायचं न्हाई. माहा नातू आधी चमचा फेकून मारायचा, आता चमच्यानं खातो. निम्मं सांडतो, पण स्वतः खातो. तुमाला बाहेर काढलं व्हय?"

"हं."

"काढतात. आई-बापच लई नाचतात, मंग लेकरू काय करील? किती टाइम झाला?"

भुजंगला सांगता आलं नाही. त्याचे कान दाराला लागले होते. आतून नीलाताईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग आवाजही बंद झाला. बराच वेळ काहीच नाही. गिरणीत पट्टा सटकला की अशीच एकदम शांतता व्हायची आणि तो हातातलं टाकून धावायचा. इथं तर जाऊन पट्टा चढवताही येत नव्हता. एकदा काहीतरी फरशीवर पडलं. मग पुन्हा शांत. मग केशरबाई हसली. हसली का रडली, ते दाराआडून कळायला मार्ग नव्हता.

त्याला राहवलं नाही.

"आवं, बाहेर बसा म्हणलं ना," उषाबाई म्हणाली. तोवर तो उठून दारापाशी गेला होता. त्यानं दार बोटभर ढकललं.

आत एक दोरी बांधली होती, पोरीच्या डोक्याइतक्या उंचीवर. त्या दोरीवर कपड्यांचे दोन निळे चिमटे लावलेले होते. तिसरा कौशीच्या उजव्या हातात होता. हात थरथरत वर निघाला होता, कोपर वाकडं, मनगट आत वळलेलं, तोंडातून जीभ बाहेर. चिमट्याचं तोंड दोरीला लागायला बोटभर अंतर होतं. नीलाताई श्वास रोखून बसल्या होत्या. केशरबाईच्या गालावरनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

आणि कौशीचं लक्ष दाराकडं गेलं.

हात खाली आला. चिमटा फरशीवर पडून कपाटाखाली गेला. हात मांडीवर, मूठ बंद, जसा सकाळपासून होता तसाच. मग पोरीनं बापाकडं बघितलं आणि ती हसली. त्यानं सोपवलेलं काम आपण कसं बराबर केलं, बघितलं ना बाबा, अशी हसली.

भुजंग मागं सरला. दार आवाज न करता ओढून घेतलं. उषाबाई काही विचारत होती, ते त्यानं ऐकलं नाही. तो जिना उतरून खाली गेला, आणि वरच्या खिडकीतूनसुद्धा पोरीला आपण दिसणार नाही, अशा जागी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.