सोड म्हटलं ना!

"सोड! सोड म्हणते ना! भामट्या, आज तुझी खैर नाही!"

ताई फरशीवर पालथी पडून बाबांच्या पलंगाखाली झाडूचा दांडा फिरवत होती. पार भिंतीला चिकटून कुत्रा बसला होता आणि त्याच्या तोंडात तिचा चष्मा होता. त्याची शेपटी फरशीवर आपटत होती. मेल्याला मजा वाटत होती! त्या फटफट आवाजानं ताईचं डोकं आणखीच तापलं.

साडेसहा वाजून गेले होते. सातला तिला इस्पितळात हजर व्हायचं होतं. रक्त तपासणीच्या खिडकीसमोर उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग आत्ताच लागली असणार, आणि चष्म्याशिवाय तिला शीर सापडत नसे.

"बाबा, पाय वर घ्या!" ती खालूनच ओरडली. मग भानावर येऊन उठली आणि बाबांचा लोंबकळणारा उजवा पाय तिनंच उचलून पलंगावर ठेवला. दीड वर्षापूर्वी झटका आला, त्यात बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ते डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होते.

चष्मा हाती लागला तेव्हा त्याला एकच काडी उरली होती. दुसरी चिकटपट्टीनं कशीबशी जोडून ताई कामावर गेली आणि दिवसभर ज्याच्या त्याच्या अंगावर खेकसत राहिली.

कुत्रा तिचा नव्हताच. धाकट्या भावानं हौसेनं आणला आणि बदली झाल्यावर "दोनच महिने गं, ताई" म्हणून तिच्या दारात सोडला. त्याला वर्ष झालं. भावानं ठेवलेलं गोंडस नाव पहिल्याच आठवड्यात गळून पडलं. चपला, रिमोट, चार्जरची वायर, उशीचे अभ्रे, तिचं इस्पितळाचं ओळखपत्र, असं काहीही पळवून त्याचा चुरा करणाऱ्याला भामट्याशिवाय दुसरं काय म्हणणार?

दुपारी तिनं भावाला फोन लावला. "रविवारी ये आणि तुझं रत्न घेऊन जा."

"ताई, इथे घरमालक कुत्रा ठेवू देत नाही."

"मग मी काय प्राणिसंग्रहालय उघडलंय?"

"लहान आहे गं तो. कळत नाही त्याला."

"त्याला सगळं कळतं. कळत नाही ते तुला!" तिनं फोन आपटला.

भाऊ येणार नाही हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी ती कुत्र्याला ओढत जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"तो वस्तू घेऊन पळाला की तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय करणार? मागे धावते. ओरडते."

"मग तो चोरी सोडेल कशाला? दिवसभर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. चप्पल उचलली की अख्खं घर मागे पळतं. याहून मोठं बक्षीस कुठलं?" डॉक्टर हसले. ताईला त्यांचाही राग आला. "धावायचं नाही, ओरडायचं नाही. जागेवर बसून त्याला आवडेल असं काहीतरी दाखवायचं, 'सोड' म्हणायचं. सोडलं की लगेच द्यायचं. चावायला त्याच्या हक्काचं काहीतरी ठेवा, बाकीचं उचलून ठेवा. आणि रोज दोनदा भरपूर फिरवा. तो कंटाळलाय हो."

"आणि मी कंटाळले त्याचं काय?" ताई म्हणाली.

पण तिनं ते केलं. दात-ओठ खात केलं. चपला कपाटात गेल्या, वायरी वर बांधल्या गेल्या. पहाटे पाचला उठून ती भामट्याला मैदानाला तीन फेऱ्या मारून आणू लागली. उकडलेल्या अंड्याचे तुकडे डबीत घालून खिशात ठेवू लागली. घसा फोडून ओरडावंसं वाटत असताना खुर्चीवर बसून हळू आवाजात "सोड" म्हणणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच माहीत. तीन आठवड्यांत कुत्रा सुधारला. तोंडातला मोजा तिच्या पायाशी ठेवून अंड्याची वाट बघू लागला. घर शांत झालं.

मात्र बाबांच्या खोलीतून वस्तू जातच राहिल्या. कधी चमचा, कधी रुमाल. आणि एका संध्याकाळी ताई कामावरून आली, तर भामट्या दारातच ओकत पडला होता. शेजारी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं, चावून चोथा झालेलं.

रिक्षात त्याला मांडीवर घेऊन ती दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. वाचेल म्हणाले, पण थोडक्यात.

परत आल्यावर तिनं सगळा राग मावशींवर काढला. बाबांना सांभाळायला ठेवलेल्या मावशी दिवसभर त्यांच्याजवळ असत. त्यांचं खाणंपिणं, अंग पुसणं सगळं त्याच करत. घरी निघालेल्या मावशींना तिनं जिन्यातच गाठलं.

"गोळ्या खणात ठेवायच्या हे किती वेळा सांगितलं? लक्ष कुठे असतं तुमचं?"

"खणातच ठेवल्या होत्या, ताई."

"मग काय कुत्र्यानं खण उघडला? माझ्या बापाच्या तोंडी काय देता आणि काय नाही, देव जाणे!"

वरचं एक दार उघडलं, खालचं एक उघडलं. मावशींनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

ताईला रजा टाकावी लागली. दुसऱ्या दिवशी भामट्या घरी आला, लटपटत का होईना, पण चालत. बाबांनी आदल्या रात्रीपासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. कुत्र्याला बघून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. म्हातारपण, म्हणून ताईनं ते पुसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाबांचं दार अर्धवट उघडं होतं. सहज तिची नजर गेली.

बाबा कुशीवर वळले होते. वळायला त्यांना किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. डाव्या हातानं ते पलंगालगतचा खण ओढत होते. बोटभर ओढायचा, थांबायचं, दम घ्यायचा. खण उघडला. हात आत चाचपडला. गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं, ते त्यांनी पार मागे ढकललं. मग कंगवा काढला आणि पलंगाच्या कडेला धरून हलवला. भामट्या उठला, कंगवा घेऊन पलंगाखाली शिरला.

बाबा पुन्हा पाठीवर झाले. मान वळवली आणि दाराकडे बघत राहिले.

ताईनं हातातला टॉवेल फेकला.

"तुम्ही? तुम्ही देता त्याला?" ती खोलीत शिरली तीच ओरडत. "चष्माही तुम्हीच दिलात? गोळ्याही? मेला असता तो, बाबा! त्या बाईला मी नाही नाही ते बोलले! मी मरमर मरते आणि तुम्ही इथे... मी हवी होते तर घंटी दिलीय ना उशाशी? वाजवायची!"

बाबांनी घंटीकडे पाहिलं. मग डावा हात हळूहळू पलंगाखाली नेऊन लघवीच्या भांड्याकडे बोट केलं.

ताईनं भांड्याकडे पाहिलं. घंटी वाजली की कुणीतरी दारातूनच विचारायचं, "लागली का?" भांडं द्यायचं, भांडं न्यायचं. दीड वर्षात घंटीला दुसरं उत्तर मिळालंच नव्हतं. कुत्र्यानं काही पळवलं की मात्र ती इथे असायची, फरशीवर लोळत, आरडाओरडा करत, चांगला अर्धा तास.

तिचा राग गेला नाही. उलट वाढला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. तिनं पायांत चपला अडकवल्या, शेजारणीला दहा मिनिटं बाबांजवळ बसवलं आणि मागच्या गल्लीत मावशींकडे गेली.

"चुकलं माझं, मावशी," ती उंबऱ्यातच म्हणाली. "तुमची काही चूक नव्हती."

मावशी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हे इथे काय कानात सांगता? ओरडलात तेव्हा अख्ख्या जिन्यानं ऐकलं. आता तेवढ्याच मोठ्यानं म्हणा, त्याच जिन्यात. मग येते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मावशी जिन्यात मधल्या पायरीवर येऊन थांबल्या. ताई दारात उभी राहिली. "मावशींची चूक नव्हती!" ती ओरडली. "मी खोटा आळ घेतला!" वरचं दार उघडलं, खालचं उघडलं. मावशींनी पदर खोचला, तिच्या हातून किल्ली घेतली आणि आत गेल्या.

त्या रात्री ताई आपलं ताट घेऊन बाबांच्या खोलीत आली. खुर्ची ओढली तीही आपटतच. जेवता जेवता तिनं सगळा दिवस ओकून टाकला. एक बाई सुई बघून पळाली, तिला गेटपासून परत आणावं लागलं. साहेबानं रजेवरून टोमणा मारला. भावानं फोन उचलला नाही. पाण्याची टाकी पुन्हा गळतेय. तिनं सगळ्यांना शिव्या घातल्या, बाबांनाही घातल्या. बाबा ऐकत होते. एकदा साहेबाचं नाव निघालं तेव्हा त्यांची डावी भुवई वर गेली.

ताट रिकामं झालं. ती उठू लागली तशी बाबांनी तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"आता आणखी काय सांगू?" ती वैतागून म्हणाली. "संपलं सगळं."

बाबांनी टोक सोडलं नाही. त्यांच्या हनुवटीवर लाळ ओघळली होती. तिनं मावशींनी घडी करून ठेवलेल्या रुमालाकडे हात नेला नाही, ओढणीच्याच दुसऱ्या टोकानं ती पुसली आणि खरकट्या हातानं परत बसली.

"बरं," ती म्हणाली. "सकाळी रांगेत पहिला कोण होता माहितीये?"