अंगठा

अफवा कशा पसरतात हे शोधणं ही माझी नोकरी. 'बीपीच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा कट, आजच बंद करा' या पोस्टला आधी कुणी भीक घातली नव्हती. मग कुणीतरी वर दोन ओळी जोडल्या आणि चौदा हजार लोकांनी ती डोळे झाकून पुढे ढकलली.

आमच्याकडे पोस्ट येतात त्या नावं झाकून. मी त्या ओळी उघडल्या.

'माझी लेक अफवांवरच पीएचडी झालीये. तिला विचारलं, खरं आहे म्हणाली. सगळ्यांनी वेळेवर जेवा.'

वेळेवर जेवा! प्रत्येक पोस्टसोबत असं लिहिणारी बाई जगात एकच होती, माझी आई. सहा महिन्यांपूर्वी ती स्वयंपाकघरात कोसळून गेली, तेव्हा गोळ्यांची पाकिटं डब्यात न फोडलेली सापडली होती.

मी फोनमध्ये आईचे जुने मेसेज काढले. तीच पोस्ट, खाली प्रश्न: 'हे खरं आहे का गं?'

मी मीटिंगमध्ये होते. न वाचताच अंगठा टाकला होता. एवढी शिकलेली मी, अंगठाबहाद्दर!

त्याखाली तिचं उत्तर होतं. ते मी आज पहिल्यांदा वाचलं.

'बरं झालं बाई, तुला विचारलं.'