अर्जुनराव टेलरांचा तिसरा बोर्ड

मी मुरारी पेंटर. चिंचवडात दुकानांचे बोर्ड रंगवण्यात माझी वीस वर्षं गेली आणि 'अद्ययावत' हा शब्द लिहून लिहून मला त्याची शिसारी आली होती. अर्जुनराव टेलरांनाही मी तोच लिहून दिला. पिंपरीत नवी कंपनी निघाली होती. यंत्राच्या पट्ट्यात धोतर अडकतं म्हणून तिथे विजारीशिवाय कामावर घेत नसत. विजार शिवायला गावंच्या गावं लोटतील, या भरवशावर अर्जुनराव पुण्याहून मशीन घेऊन आले आणि माश्या मारत बसले.

पहिला बोर्ड 'अद्ययावत फॅशन', दुसरा 'विलायती कट'. पालथ्या घड्यावर पाणी.

"मुरारीराव, हा तिसरा," ते म्हणाले. "यानंही कुणी आलं नाही तर दिवाळीला मशीन उचलतो. पन्नाशीत धाकट्या भावाच्या हाताखाली काजं-बटणं करायची, दुसरं काय!"

कोरा पत्रा घेऊन मी समोर चहाच्या दुकानात बसलो. काळेवाडीचा गेनबा तिसऱ्यांदा टेलरच्या ओट्यापर्यंत जाऊन परत फिरला होता. त्याला कंपनीत काम लागल्याचं मला ठाऊक होतं.

"आत जा की, गेनबा."

"जातो वो. पर..." त्यानं आवाज खाली आणला. "मापाला धोतार सोडाया लागतं म्हनं. हितं, रस्त्यावर? लेकी-सुना पान्याला जात्यात."

मी हसलो आणि हसू तिथेच आटलं. माझ्याही खिशात त्याच कंपनीची चिठ्ठी होती. भिंतींवर 'धोका' लिहायला त्यांना पेंटर हवा होता आणि मी बोर्डांना विटलो होतो. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. तरी गेनबासारख्याच भीतीनं पंधरा दिवस मी विजार टाळत होतो, आणि लोकांना विलायती कट शिकवत होतो. माझी मलाच लाज वाटली.

अर्जुनरावांना विचारलं तर ते बघतच राहिले. "अहो, माप धोतरावरूनच घेतो की! हे काय सांगायचं असतं?"

"हेच सांगायचं असतं," मी म्हणालो.

मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कंपनीच्या कामाची विजार. माप वरूनच घेतो. धोतर सोडावे लागत नाही.'

अर्जुनरावांचं तोंड कडू झालं. पुण्यात लोक हसतील, म्हणाले. पण बोर्ड लागला, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना चहावाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आधी गेनबा आत गेला. बाजाराच्या दिवशी ओट्यावर सात धोतरवाले रांगेनं बसले. दिवाळीपर्यंत मशीनला उसंत मिळाली नाही.

कामावर हजर व्हायच्या आदल्या दिवशी, तीस तारखेला, मी माझी विजार आणायला गेलो. पडद्यामागे ती चढवली, तर भर दिवसा उघडं पडल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांनी जन्मात विजार घातली नव्हती. बाहेर आलो तोवर अर्जुनरावांनी माझं धोतर घडी करून वर्तमानपत्रात बांधलं होतं.

"सगळ्यांना असंच बांधून देतो," ते खुशीत म्हणाले. "बोर्ड झकास लिहिलात हं, मुरारीराव!"

पुडकं काखेत मारून मी बोर्डाखाली उभा राहिलो आणि मला भडभडून आलं. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मापाला धोतर सोडावं लागत नाही. त्याच्या पुढचं मी लिहिलं नव्हतं, इतकंच.