चेड्याचा अंगठा

रोह्याला मी इंग्रजीचे क्लास घेतो. रोज फळ्यावर एक अवघड क्रियापद. पण 'रेलिंक्विश' हे मी पहिल्यांदा शिकवलं ते एका दगडाला.

कासूजवळची आमची वालाची जमीन एका कंपनीला हवी होती. काळुरामकाकाला ती द्यायची होती, त्याच्या बहिणीला, हौसाआत्याला, नव्हती. नवरा गेल्यापासून तीस वर्षं आत्याच ती कसत होती. कंपनीच्या इंग्रजी कागदावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

"हर्षद, ह्यो शब्द काय रं?" आत्यानं विचारलं.

"रेलिंक्विश. आपल्या हक्काचं आपणहून सोडून देणं. कुणी हिसकावून नेलं तर हा शब्द वापरत नाहीत."

"मग चेड्याला इचारलं का? शेत राखतो तो. दरसाल नारळ नि कोंबडा घेतो, म्हंजे वाटेकरीच की. त्यानं सोडली तर मी सोडीन."

चेडा म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, आमच्या शेताचा राखणदार. काकाला हे लगेच पटलं. आमच्या घरात अशाच गोष्टी लगेच पटतात. भर दुपारी तो शाईचा पॅड घेऊन निघाला.

दगडासमोर उभं राहून मी अर्थ सांगितला, वापर सांगितला, दोन उदाहरणंही दिली. वर्गात कुणी एवढं लक्ष देऊन ऐकत नाही. काकानं कागद ठेवला, नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणे आम्ही मागे न बघता परतलो. कागद तिथंच राहिला हे घरी आल्यावर कळलं.

सकाळी तिघं गेलो. कागदावर अंगठा होता. बशीएवढा, निळा, आणि त्यात एकही रेघ नाही. दगडावरचा शेंदूर नाहीसा झाला होता. वालाचं एक पान हलत नव्हतं.

"झाली सही!" काका म्हणाला. "हौसे, आता तुजी."

आत्या दगडाशेजारी बसली. "इतक्या वर्षांत त्याला कुणी इचारलंच नव्हतं, सोडायची हाय का म्हणून. बिचारा वाटच बघत होता."

"ऊठ गो."

"शेत उघडं पडलंय, दादा. दुसरा कुणी येईस्तोवर बसाया नको?"

काकानं दुपारपर्यंत समजावलं. मग घाबरून कागद फाडला. "घे, नाय इकत. चल घरी."

ती आली नाही.

त्याला आता महिना झाला. डबा मी नेतो. आत्याच्या कपाळावर शेंदूर दिसतो, लावायला कुणी जात नाही. काल म्हटलं, "आत्या, बास झालं. सोड आता."

"सोडू कशी रं? मी कुठं धरलीय?" ती हसली. "आता जमिनीनंच मला धरलंय."

मग माझा हात घट्ट पकडून तिनं उठायचा प्रयत्न केला. मी खूप ओढलं.