बेबीच्या पायावरची रेघ

माझी धाकटी नणंद, घरातली बेबी, ऑफिसच्या ट्रेनिंगहून परत आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या पावलावर एक लालबुंद, नागमोडी रेघ उठली. खाज अशी, की बिचारी जेवताना टेबलाखाली पाय घासत बसायची. वर ती रेघ रोज थोडी पुढे सरकायची.

"नागीण आहे," सासूबाईंनी निदान केलं. "तोंडाला शेपूट टेकायच्या आत डॉक्टर गाठा."

गावात कातडीचा डॉक्टर एकच. आम्ही तिघी गेलो. त्यांनी भिंग धरून पाहिलं.

"नागीण अशी चालत नाही, बाई. तिचे फोड येतात. ही अळी आहे. कुत्र्यामांजरांच्या घाणीतून वाळूत येते आणि अनवाणी पायात शिरते. माणसाच्या अंगात तिला पुढची वाट सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भटकते. समुद्रावर गेला होतात का?"

बेबीने माझ्याकडे पाहिलं. ट्रेनिंग कुठल्या किनाऱ्यावर झालं आणि सोबत कोण होतं, हे घरात फक्त मला ठाऊक. सासूबाईंना कळलं असतं तर तिची नोकरी बंद आणि त्यांच्या मैत्रिणीच्या टकल्या भाच्याशी लग्न पक्कं.

"नाही हो. हॉलमध्येच होतं सगळं," बेबी म्हणाली.

"हॉलमध्ये वाळू होती?"

"कुंड्या होत्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सुटलो म्हणून बाहेर आलो, तर बाकावर एक तरुण, एका पायातला बूट काढून, तळवा बाकाच्या पायाला घासत बसलेला. बेबी जागीच थिजली.

सासूबाई वाकून बघू लागल्या. "अरे, तुलाही नागीण?"

"नाही काकू, वाळूतलं काहीतरी असावं. आम्ही समुद्रावर..." तेवढ्यात त्याला बेबी दिसली.

सासूबाईंनी त्याचं पाऊल पाहिलं, मग बेबीचं. मग माझ्याकडे वळल्या. मी भिंतीवरचं गजकर्णाचं पोस्टर मन लावून वाचत होते.

"आम्ही म्हणजे किती जण?"

"दोघं," तो म्हणाला. खोटं बोलणं त्या माणसाला तेव्हाही जमलं नाही, आमचा जावई होऊन इतकी वर्षं झाली तरी जमत नाही.

"हिला पोहता येत नाही, माहीत आहे ना?"

"पाण्यात गेलोच नाही, काकू. वाळूतच बसलो होतो."

"ते दिसतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला जरा सरकायला सांगून बाकावर बसल्या. "आई-वडील काय करतात तुझे?"