समुद्रावर गेलेली चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी घरात आले की माणसे हळू आवाजात बोलू लागतात. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझ्या नळ्या लोखंडी, बैठक काळ्या रेक्झिनची आणि उजवे चाक पहिल्यापासून जरा हट्टी. हैदराबादेतल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी कोठी भागातल्या एका दुकानात आले आणि औषधांच्या खोक्यांशेजारी उभी राहिले. एके दिवशी केशवराव नावाचे गृहस्थ आले. ते शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. त्यांच्या आईचे, म्हणजे माईंचे, पाय चालेनासे झाले होते. त्यांनी मला ऑटोत आडवी घातली आणि चिक्कडपल्लीच्या घरी नेले.

माईंना घरात बसवत नसे. रोज संध्याकाळी केशवराव मला ढकलत बाजारात नेत. माई कोथिंबिरीचा भाव विचारत, तेलुगूतली नवी पाटी दिसली की ती लेकाकडून वाचून घेत. फुलवाली दुरूनच म्हणे, "अम्मा की गाडी आ गई." तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटे.

शेवटच्या वर्षी मात्र आम्ही फक्त दवाखान्यात जाऊ लागलो. एकदा तिथून मी रिकामी परत आले. केशवरावांनी माझी घडी घातली, मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि माळ्यावर चढवले. त्यानंतर त्यांनी कधी वर पाहिलेही नाही.

माळ्यावर माझ्या अंगावर बॅगा आल्या, चाकांचे रबर तडकले. खालचे बोलणे कानावर येई, त्यावरूनच घरची खबर कळे. केशवराव निवृत्त झाले. त्यांच्या मुलाचे, विकासचे, लग्न झाले. प्रणिता आणि हर्षवर्धन ही नातवंडे आली, शाळेत जाऊ लागली. मग केशवरावांचे गुडघे कुरकुरू लागले, तेही मी वरूनच ऐकले.

यंदाच्या सुट्टीत विकासने ठरवले की सगळ्या घराने मिळून चेन्नईहून मोठ्या जहाजाने समुद्राची सफर करायची. त्याने मला खाली उतरवले, नारायणगुड्याच्या सायकलवाल्याकडून नवे रबर घालून आणले. मला पाहताच केशवरावांचा चेहरा उतरला.

"ही कशाला काढलीस?"

"बॅगा ठेवायला, बाबा. जहाज लई लांब असतंय म्हणे," विकास खाली बघत म्हणाला.

"मग बॅगाच ठेव."

अशी मी हमाल होऊन समुद्रावर गेले.

मित्रांनो, जहाज म्हणजे मला एखादी मोठी नाव वाटली होती. ती तर गल्ल्यांची, मजल्यांची, लिफ्टांची वस्तीच निघाली. केशवराव कठडे धरत, थांबत, कसेबसे खोलीपर्यंत चालत गेले आणि खिडकीशी जे बसले ते उठेनात. मला घडी घालून दाराआड ठेवण्यात आले.

पण माणूस चौकस. त्यांनी नळ सोडला, ओंजळभर पाणी चाखले आणि पत्नीला म्हणाले, "भामा, हे पाणी कुठलं असेल गं? चहूकडं खारं, आणि नळाला गोड."

"मला काय ठाऊक? पोरांना पाठवा विचारायला," भामाबाई म्हणाल्या.

प्रणिता जाऊन आली. "आजोबा, जेवण वाढणारे अंकल बोलले, बॉटलमधून येतं."

"नळाला बाटली कोण लावतंय? हर्षू, तू जा."

हर्षवर्धन धापा टाकत परतला. "समुद्रातूनच बनवतात म्हणे."

"बनवतात? मग मीठ कुठं जातं?"

"ते नाही विचारलं. लाइट लो, आजोबा, सोडून द्या."

केशवरावांना ते लाइट घेता येईना. ज्यांचा सारा जन्म गावाला पाणी पुरवण्यात गेला, ते कसे घेतील? जेवतानाही त्यांच्या तोंडी मीठच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना झाली की पुढच्या टोकाच्या सभागृहात जहाजाचे इंजिनिअर प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत. केशवराव काठी घेऊन उठले.

"खुर्ची न्या," भामाबाई म्हणाल्या.

"नक्को."

ते एकटेच निघाले. भामाबाई थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला उघडले आणि प्रणिताला म्हणाल्या, "जा त्यांच्या मागं. आग्रह करू नको, नुसती मागं मागं राहा."

बाहेर लांबच लांब बोळ होता. त्याच्या मध्यावर केशवराव भिंतीची दांडी धरून उभे होते. पुढे जाववत नव्हते आणि मागे वळायचे नव्हते.

"आजोबा, बसा ना," प्रणिताला राहवले नाही.

"नको म्हटलं ना."

"पण का?"

केशवरावांनी काठीने माझ्याकडे दाखवले. "माझ्या आईची आहे ती. तीत बसवून तिला दवाखान्यात नेलं, अन् ती परत आली नाही. हिच्यात बसलं की संपलं, असं वाटतंय बघ मला."

मित्रांनो, मी समजत होते की माझे काम संपले म्हणून मी माळ्यावर गेले. माझी कुणाला भीती वाटत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

प्रणिता माझ्या मुठी धरून विचार करत होती. "पणजी रोज दवाखान्यातच जायची का?"

"रोज कशाला? बाजारात जायची." बोलता बोलता केशवराव थबकले. "घ्यायचं काही नसायचं. एकदा म्हणाली, त्या नव्या दुकानात काय मिळतंय ते बघू. आत गेलो तर ते दाढीचं दुकान. तिथल्या माणसाला म्हणते, तुमचं चालू द्या, मी नुसती बघायलेय." दांडी धरूनच ते हसू लागले.

"मग ती पण तुमच्यासारखीच होती," प्रणिता म्हणाली. "आजोबा, ते इंजिनिअर अंकल निघून जातील. मीठ कुठं जातं ते कसं कळणार?"

केशवरावांनी माझ्याकडे पाहिले. काठी नातीच्या हातात दिली, माझे हात दाबून पाहिले आणि सावकाश बसले. माईंपेक्षा ते बरेच जड होते. मी कुरकुरले नाही.

सभागृहात इंजिनिअरने सांगितले की इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचे पाणी तापवतात. त्याची वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. मीठ वाफेबरोबर येत नाही, ते उरलेल्या खाऱ्या पाण्यातून परत समुद्रात जाते. केशवरावांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला, मग आणखी एक. टाक्या कशा धुता, क्लोरीन कधी घालता. बाकीचे लोक उठून गेले तरी दोघांचे बोलणे चालूच होते.

"आता खोलीत?" प्रणिताने विचारले.

"खोलीत काय आहे? मागच्या टोकाला चल. एवढं धूड वळतं कसं, ते बघू."

त्या सफरीत आम्ही काय काय पाहिले! पाण्यावरून सुरकन उडत जाणारे मासे पाहिले, माणसाच्या मांडीएवढे जाड दोर पाहिले. दारांचे उंबरठे उंच होते. तिथे केशवराव उठत, मुले मला उचलत आणि ते पुन्हा बसत. एका संध्याकाळी भामाबाई म्हणाल्या, "उठा आता, मलापण बसू द्या." त्या बसल्या आणि केशवराव मला ढकलू लागले. माझ्या मुठींचा आधार मिळाल्यावर त्यांना काठीही लागली नाही. पोहून आलेला विकास ओल्या केसांनी समोर उभा राहून बघतच राहिला.

"बॅगा कुठं ठेवायच्या मग?" त्याने हळूच विचारले.

"बॅगा तू धर," केशवराव म्हणाले.

खाऱ्या वाऱ्याने माझ्या चाकांच्या तारांवर गंज चढला होता. घरी आल्यावर केशवरावांनी तेलाच्या फडक्याने तो स्वतः पुसून काढला. आता मी पुढच्या खोलीत, दाराजवळ असते.

तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला अडगळीत टाकू नका, मित्रांनो. चाकांना तेल द्या, भिजली तर पुसा. एवढे कुणीही सांगेल. माझे मागणे त्याहून थोडे जास्त आहे. माझ्यात कुणाला बसवलेत, तर लगेच ढकलू नका. पुढे या, त्यांच्यासमोर उभे राहा आणि विचारा, "काय बघायचंय?" उत्तराला वेळ लागला तर थांबा. मला ब्रेक आहेत.